धोडीसरांची चाळीस उत्तरं

दुपारी तीन ते चार या वेळात धोडीसर फक्त इंग्रजीत बोलतात. समोर कोण आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मुख्याध्यापक असोत, शिपाई असो, एसटीचा कंडक्टर असो की व्हरांड्यात झोपलेलं कुत्रं असो, तीनचा ठोका पडला की सरांचं मराठी बंद. चार वाजले की परत सुरू.

एकदा सव्वातीनच्या सुमाराला शाळेच्या वाचनालयात धामण निघाली. आत सर एकटेच. कपाटाला पाठ लावून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "देअर इज अ स्नेक इन द लायब्ररी!" बाहेर बाबू शिपाई स्टुलावर बसला होता. त्याला वाटलं, सर तास घेतायत. शेजारच्या वर्गात आठवीची मुलं होती, त्यांनाही तसंच वाटलं, आणि त्यांनी सवयीप्रमाणे एका सुरात मागून म्हटलं, "देअर इज अ स्नेक इन द लायब्ररी!" सर पुन्हा ओरडले. मुलं पुन्हा ओरडली. असं चारपाच वेळा झाल्यावर धामणच वैतागून खिडकीतून निघून गेली. मी नंतर म्हटलं, "अहो, साप साप म्हणून बोंबलायचं की!" तर घाम पुसत मला म्हणाले, "मिस्टर जगदाळे, इट वॉज ओन्ली थ्री ट्वेंटी."

मी जगदाळे. मराठीचा शिक्षक, म्हणजे मुळातच निराश माणूस. सव्वीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून तलासरी तालुक्यातल्या या शाळेत आलो. दोन वर्षांत बदली करून घेऊ असा विचार होता. बदली झाली नाही, आणि पुढे पुढे मी अर्ज करायचंही सोडून दिलं. धोडीसर मात्र इथलेच, उधव्याजवळच्या पाड्यावरचे, वारली. लग्न केलं नाही. आम्ही दोघंही डहाणू रोडला स्टेशनजवळच्या एकाच इमारतीत राहतो आणि माझ्या मोटरसायकलवरून शाळेत जातो-येतो. हायवेवर ट्रकांच्या आवाजात मागे बसून ते जे बोलतात त्यातलं मला निम्मं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलेल्यातलं निम्मं कळत नाही.

त्यांचं आवडतं वाक्य म्हणजे "इन अदर वर्ड्स". हे म्हणून झालं की ते तीच गोष्ट आधीपेक्षा लांब करून सांगतात. एकदा शिक्षकांच्या सभेत ते नुसतं उठून उभे राहिले आणि म्हणाले, "इन अदर वर्ड्स..." मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, "धोडीसर, आधी पहिले वर्ड्स तरी येऊ द्या."

बाजारात सुक्या मासळीवाल्या एका म्हातारीशीही ते साडेतीनला इंग्रजीच बोलत. बोंबील किती हवेत, ओले नकोत, वाळूचे नकोत, सगळं इंग्रजीत. म्हातारी मान डोलवायची आणि बरोबर हवे तेवढे बोंबील द्यायची. मी तिला एकदा विचारलं, "आजी, तुला कळतं का?" ती म्हणाली, "बोलतात काय ते नाय कळत. पन बोंबलाकडं बघून बोलतात ना."

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घट्ट बसली होती. या शाळेतलं एक तरी मूल जगाच्या कुठल्या तरी विद्यापीठात जाईल, जिथं साऱ्या देशांची मुलं एका बाकावर बसतात, आणि तिथं ते इंग्रजीत उत्तर देईल. मी म्हणायचो, "सर, ही मुलं घरी वारली बोलतात. शाळेत मराठी, दुकानात गुजराती, कंपनीत कामाला गेली की हिंदी. बैलाच्या पाठीवर अजून किती गोणी टाकणार?" ते म्हणायचे, "जस्ट वन मोअर." आणि मी म्हणायचो, "तुम्ही स्वतः घरची बोली कधी बोलत नाही ते?" यावर ते एकच शब्द बोलत, "फरगॉटन." विसरलो म्हणे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मराठीचा शिक्षक म्हणून मला ते सोयीचंच होतं.

एकतीस वर्षं त्यांनी वाट पाहिली. या काळात त्यांचे विद्यार्थी पोलीस झाले, तलाठी झाले, बरेचसे वापीच्या कंपन्यांत गेले. साऱ्या जगाच्या बाकावर एकही जाऊन बसला नाही. मग रंजना आली.

रंजना वरठा. उधव्याकडचीच. आमच्या शाळेतून शिकून बाहेर पडली, कॉलेज करून बीएस्सी झाली, आणि एक दिवस कागदांची पिशवी घेऊन शिक्षकांच्या खोलीत येऊन उभी राहिली. तिला माती शिकायची होती. तिच्या बापाच्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी नागली, म्हणजे नाचणी, चांगली व्हायची, आता होत नाही, त्या मातीतून काय निघून गेलं ते तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिनं नेदरलँड्समधलं एक विद्यापीठ शोधून काढलं होतं. देश डच बोलणारा, पण शिकवणं सगळं इंग्रजीत, कारण शिकायला येणारे साऱ्या जगातून. सरकारी शिष्यवृत्ती मिळण्यासारखी होती, अडसर एकच होता. व्हिडिओवर मुलाखत द्यायची होती.

"सर, मला बोलायला शिकवा," ती म्हणाली.

धोडीसर खुर्चीतून उठले, खिडकीपाशी गेले आणि बराच वेळ बाहेरच्या चिंचेकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडतात की काय. मग वळून म्हणाले, "आन्सर्स. वुई विल प्रिपेअर आन्सर्स."

चाळीस उत्तरं तयार झाली. "तुम्ही हे विद्यापीठ का निवडलं?" याचं उत्तर दीड पान होतं आणि त्याची सुरुवात मानवी संस्कृतीच्या उदयापासून होती. "तुमचे छंद कोणते?" याच्या उत्तरात सूर्यास्त तीनदा यायचा. रंजना रोज कॉलेजच्या पिशवीत वही घालून यायची आणि उभी राहून पाठ म्हणून दाखवायची. आपल्याकडे पाठांतर उभं राहूनच करायचं असतं.

मग सरांना सुचलं की नुसतं पाठांतर पुरेसं नाही, परदेशी माणसांची सवय झाली पाहिजे. परदेशी माणसं आणायची कुठून? त्यांनी मला जर्मन केलं. मे महिन्यात गळ्यात मफलर बांधून मी प्रयोगशाळेत बसलो. विज्ञानाच्या देसाई मॅडम, घरी गुजराती बोलणाऱ्या, त्यांना जपानी केलं. मी "व्हाय यू वॉन्ट सॉइल?" असं विचारलं की सर कपाळावर हात मारून घेत. "मिस्टर जगदाळे, नो प्रोफेसर विल स्पीक लाइक दॅट." देसाई मॅडम मला हळूच म्हणाल्या, "सर, मफलर काढा नी, घामोळं येईल."

मुलाखत दुपारी दोनला, शाळेच्या संगणक खोलीत. मी आणि धोडीसर कॅमेऱ्यात दिसणार नाही असे बाजूला बसलो. देसाई मॅडम दारात. पडद्यावर पहिली चौकट उघडली आणि एक पांढऱ्या दाढीचे प्राध्यापक दिसले.

रंजना उठून उभी राहिली.

आमच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की मुलं उभी राहतात आणि "बसा" म्हटल्याशिवाय बसत नाहीत. दहा वर्षं ती हेच करत आली होती. तिला उभी राहिलेली बघून धोडीसरही उठले, आणि ते उठले म्हणून मीही. दुसऱ्या चौकटीत एक बाई आल्या, इटलीच्या. तिसरीत एक चिनी प्राध्यापक. कोणी "बसा" म्हणेना. म्हणणार कसं? त्यांच्याकडे तशी पद्धतच नाही. त्यांना पडद्यावर फक्त रंजनाची ओढणी आणि पंजाबी ड्रेसची दोन बटणं दिसत होती. त्या ओढणीनं मानवी संस्कृतीच्या उदयापासून सुरुवात करून दीड पान न थांबता म्हणून दाखवलं. मग सूर्यास्त सुरू झाला. पहिल्या सूर्यास्तानंतर इटलीच्या बाई फार काळजीनं म्हणाल्या, "रंजना, इज देअर नो चेअर?"

दारातून देसाई मॅडम दोन्ही हातांनी खाली बस, खाली बस अशा खुणा करत होत्या. रंजना बसली. आणि बसल्याबरोबर सगळी चाळीस उत्तरं विसरली. उभं राहून पाठ केलेलं बसून आठवेना. मी धोडीसरांकडे पाहिलं. ते अजून उभेच होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

चिनी प्राध्यापकांनी मातीबद्दल काहीतरी विचारलं. रंजनानं एक हात पुढं केला आणि बोटांपासून कोपरापर्यंतचं अंतर दाखवलं. "माय फादर लँड. बिफोर, नागली धिस मच." मग नुसतं मनगटापर्यंतचं दाखवलं. "नाऊ, धिस मच. सेम सीड. सेम रेन. व्हाय?" तिन्ही चौकटींतली माणसं पुढं झुकली. पुढची वीस मिनिटं ते चौघं मातीवर बोलत राहिले. त्या तिघांचं इंग्रजी तीन प्रकारचं होतं. बाईंना मधेच शब्द सापडेना, त्यांनी हातांनीच नांगर करून दाखवला. चिनी प्राध्यापक प्रत्येक वाक्य अर्धं सोडत होते, दाढीवाले ते पूर्ण करत होते, आणि कुणाचंच काही अडत नव्हतं.

रंजनाची निवड झाली. शाळेत पेढे वाटले. धोडीसरांनी पेढा हातात धरून ठेवला. "जगदाळे," ते म्हणाले, "त्या तिघांनाही इंग्रजी येत नाही." तीन ते चारच्या मधली वेळ होती आणि ते मराठीत बोलले, यावरून त्यांना केवढा धक्का बसला होता ते मला कळलं. एकतीस वर्षं ज्या दरबाराची तयारी केली तिथं गेलं तर सगळे आपल्यासारखेच निघाले. असं झाल्यावर माणसानं आनंद मानायचा की दुःख? मी सांत्वन करायला गेलो, पण सांत्वनाच्या बाबतीत मी फारसा कामाचा माणूस नाही. मी त्यांच्या हातातला पेढा तेवढा खाल्ला.

ऑगस्टमध्ये ती गेली. पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. सरांनी तो मला मोटरसायकल थांबवायला लावून वाचून दाखवला. "सर, इथलं इंग्रजी आपल्या तलासरीच्या बाजारातल्या मराठीसारखं आहे. वारली आपल्या पद्धतीनं बोलतो, गुजराती शेठ त्यांच्या पद्धतीनं, बिहारी त्यांच्या. माल घरी पोचतो. इथं व्हिएतनामची मुलगी आहे, इथिओपियाचा मुलगा आहे. सगळे चुकतात आणि कुणी कुणाला हसत नाही."

"नोबडी लाफ्स?" सर म्हणाले. मग पुन्हा, मला विचारल्यासारखं, "नोबडी?"

त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. शिक्षक होण्यासाठी शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना उभं करून धडा वाचायला सांगितला होता. त्यांचं मराठी ऐकून सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले. दुसऱ्या तासाला इंग्रजी होतं. त्यात गुरुजींपासून सगळेच अडखळत होते. "त्या तासाला मला कोणी हसलं नाही," ते म्हणाले. "इन इंग्लिश, एव्हरीबडी वॉज अ बेगर." गेली सव्वीस वर्षं मी वर्गात काय करत आलो ते मला चांगलं ठाऊक होतं. "नीट बोल, हे काय मराठी आहे?" हे वाक्य मी किती पोरांना म्हटलं असेल, देव जाणे.

नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर आम्ही घरी निघालो होतो. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळाजवळ चहाला थांबलो तेवढ्यात सरांचा फोन वाजला. परदेशातून आलेला फोन स्पीकरवरच घ्यायचा असतो अशी सरांची समजूत आहे. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"सर, मी परत येतेय," रंजना म्हणाली. "उद्या ऑफिसात सांगणार. मेल लिहून ठेवलाय."

"व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही झालं. पास होतेय. वर्गात बोलते, सगळ्यांना कळतं. पण सर, दिवसभर मी तेवढंच बोलते जेवढं मला येतं. घरी कसे आहेत विचारलं की फाइन. जेवण कसं आहे, फाइन. गंमत सुचली तर सांगता येत नाही. राग आला तर आधी शब्द शोधायचे, तोपर्यंत राग निघून जातो. इथं सगळ्यांचं असंच आहे. पण त्यांना रात्री खोलीत जाऊन फोनवर कुणाशी तरी बोलता येतं. आमच्या पाड्यावर रेंज नाही. आईचा आवाज दसऱ्यानंतर ऐकला नाही मी. सर, मी इथं लहान लहान होत चाललेय."

सरांनी सुरुवात केली. भविष्य, संधी, धैर्य, सगळं बाहेर काढलं. "इन अदर वर्ड्स, रंजना..." पलीकडून रडण्याचा आवाज आला. सर थांबले. मग मराठीत म्हणाले, "अगं, असं करू नये. एवढी शिकलीस." रडणं वाढलं. चहावाला आमच्याकडे बघायला लागला. सर फोन घेऊन उठले, बाकड्यापासून लांब गेले, आणि पिंपळाखाली चक्क जमिनीवर उकिडवे बसले. हा माणूस शाळेत रुमालानं पुसल्याशिवाय खुर्चीत बसत नाही. मला वाटलं, चक्कर आली. मी धावत गेलो.

ते बोलत होते. इंग्रजी नव्हतं ते, आणि मराठीही नव्हतं. आवाज खालच्या पट्टीतला, शब्द एकमेकांत मिसळलेले, मधेच हेल काढलेला. पलीकडचं रडणं एकदम थांबलं. मग तिनं त्याच भाषेत काहीतरी विचारलं, आणि सर हसले. त्यांना मी आजवर ओठ मिटून हसताना पाहिलं होतं. हे पोटातून होतं. मला त्यातले सुटे सुटे शब्द लागत होते. शेळी, नागली, तिच्या आईचं नाव, कोणाच्या तरी लग्नातली फजिती. बाकी काही कळत नव्हतं. हार विकणारी एक बाई टोपली तशीच टाकून जवळ येऊन उभी राहिली आणि ऐकत राहिली, मग तीही हसली. शर्ट इन केलेला, बुटात पॉलिश असलेला हा मास्तर आपल्यातला आहे, हे तिला आत्ता कळलं असावं.

तासभर बोलले. चहा दोनदा गार झाला. शेवटी फोन ठेवून ते उठले, पँटची माती झटकली.

"राहील?" मी विचारलं.

"राहील. मी सांगितलं तिला, येऊ नको. तिथंच राहा. माती शिकून घे. तिला नोकरी पण तिकडेच मिळेल बहुतेक."

"वा! मग छानच झालं की."

"हो," ते म्हणाले. मग देवळाकडे बघत म्हणाले, "आई गेली त्याला आठ वर्षं झाली. रविवारी पाड्यावर जायचो ते तिच्याशी बोलायला. ती गेल्यावर कुणाशी बोललो नाही. घरात कधीतरी भाजी चिरताना एकटाच बोलायचो, मग लाज वाटायची. आज आठ वर्षांनी माझ्याशी कोणीतरी आमच्या भाषेत बोललं, जगदाळे. मला तिला 'ये' म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. आणि मी तिला सांगितलं, येऊ नको."

माझ्या तोंडून निघालं, "सर, माझ्याशी बोलत जा ना. येता-जाता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, अगदी मायेनं.

"तुम्हाला येत नाही," ते म्हणाले.

खरंच येत नव्हतं. सव्वीस वर्षं मी या मुलांमध्ये राहिलो, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, त्यांच्या लग्नांना गेलो. एकही वाक्य मला येत नव्हतं. मी गाडीला किक मारली, ते मागे बसले आणि आम्ही डहाणू रोडकडे निघालो.